रऊफचाचांचं चालतं बोट

वाटूर फाट्यावर निवडणुकीची जीप आली आणि भोंग्यातून 'तुमच्या प्रश्नासाठी साहेबांनी सभागृहात आवाज उठवला' असं ऐकू आलं, की मी समोरचं गिऱ्हाईक तसंच सोडून रस्त्यावर येतो आणि विचारतो, "कोणत्या तारखेला? किती वाजता? उत्तर कुणी दिलं?" जीपमधली पोरं एकमेकांकडं बघतात आणि गाडी पुढं घेतात. हार्डवेअरवाला गंगाधरशेठ तापट आहे, हे अख्ख्या परतूर तालुक्याला माहीत आहे. पण हे तीन प्रश्न माझे नाहीत. ते आष्टीच्या अब्दुल रऊफ काझींचे, आमच्या रऊफचाचांचे.

चाचांनी तीस वर्षं विधिमंडळात प्रतिवेदकाची नोकरी केली. सभागृहाच्या मधोमध टेबलाशी बसायचं आणि आमदार, मंत्री जे बोलतील ते लघुलिपीत जसंच्या तसं उतरवायचं, हे त्यांचं काम. थोडा वेळ एकानं लिहायचं, मग दुसरा येऊन बसायचा आणि पहिला आत जाऊन आपलं लिहिलेलं टाइप करायचा. निजामाच्या काळात उर्दूत शाळा शिकलेला, घरात दखनी बोलणारा हा माणूस आयुष्यभर मराठी भाषणं लिहीत बसला. निवृत्त होऊन आष्टीला परत आला तेव्हा सोबत एक पेटी, एक पोलादी पट्टी आणि एक सवय घेऊन आला. पेटीत काय होतं ते मला कळलं नाही. सवय मात्र सगळ्यांना दिसायची.

कुणी बोलायला लागलं की चाचांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट मांडीवर चालू व्हायचं. छोटी वळणं, टिंबं, आडव्या रेघा. समोरचा थांबला की बोट थांबायचं, समोरचा खोकला तर बोट वर उचललेलं राहायचं. फाट्यावरच्या हॉटेलात ते बाकड्यावर बसलेले असले की गप्पा मारणारी माणसं हळूहळू जपून बोलायला लागायची. शुक्रवारी मशिदीत मौलवीसाहेब बोलत तेव्हाही बोट चालायचं म्हणे. चाची एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "तीस साल लोगां की बातां लिखे. मेरी एक बात पूछो तो याद नै!"

चाचा म्हणाले, "याद आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी म्हणाली होतीस, भेंडी मला आवडत न्हाई."

"हौ. और उसके बाद चालीस साल भेंडीच लाए."

चाचा लगेच म्हणाले, "कंसात, हशा."

माझी त्यांची ओळख एका फुटव्हॉल्वपायी झाली. विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी बसतो तो. आमच्याकडं शेतकरी त्याला फुटबॉलच म्हणतात. चाचांनी माझ्याकडून एक नेला आणि पंधरा दिवसांनी गळका म्हणून परत आणला. मी धंद्यात शून्यातून वर आलेला माणूस. पत्र्याच्या शेडमध्ये नटबोल्ट विकत विकत दुकान उभं केलेलं. परत आलेला माल मी सहसा घेत नसतो. मी म्हणालो, "चाचा, गॅरंटी बिरंटी मी दिली न्हाई. असं मी कधी बोलतच नसतो."

चाचांनी डोळे मिटले आणि माझ्याच आवाजात, माझ्याच ठेक्यात बोलायला लागले. "'घ्या डोळे झाकून. गळला तर हे मिशीवालं तोंड परत दाखवणार न्हाई. नवीन देईन, वर चहा पाजीन.' मंग तुम्ही हसलात. मंग नोकराला म्हणालात, 'हा घेतो बघ आता.'"

दुकानातले दोघं-तिघं हसले. मी नवीन फुटबॉल दिला आणि चहाही पाजला. त्या दिवसापासून चाचांशी सौदा करताना मी कमी बोलायचो.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. फाट्यावर आमची एकतीस दुकानं होती. एका दुपारी बुलडोझर आला आणि संध्याकाळपर्यंत जमीन सपाट झाली. माझं शेड दुमडून बाजूला टाकलं होतं, त्यावर माझंच नाव उलटं दिसत होतं. महिनाभरानं आमचे आमदार आले. टेबलावर उभे राहून म्हणाले, "मी सभागृहात आवाज उठवला! मंत्र्यांनी शब्द दिलाय! नवं बसस्थानक होणार, त्याच्या आवारात तुम्हाला जागा!" आम्ही हार आणले, हलगी आणली. मी त्यांना खांद्यावर घेऊन फाट्यापासून मारुतीच्या पारापर्यंत नाचवलं. तेव्हा माझ्या खांद्यात दम होता.

बसस्थानक झालं. आवारात गाळे झाले. आम्ही गेलो तर कचेरीतला साहेब म्हणाला, "आमच्याकडं असं काही नाही. कागद आणा." आमदारांकडं गेलो तर ते म्हणाले, "बघतो." चार वर्षं ते बघतच होते. एकतीस दुकानदार हातगाड्यांवर आणि झाडाखाली बसलेले.

शेवटी मी आष्टीला चाचांच्या दारात जाऊन बसलो. सगळं सांगितलं. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांचं बोट मांडीवर चालत होतं. मग त्यांनी विचारलं, "कोणत्या तारखेला बोलले? किती वाजता? उत्तर कुणी दिलं?"

"ते मला काय माहीत?"

"मंग तुम्ही नाचलात कशावर?"

माझा पारा चढला. चाचा शांतपणे म्हणाले, "गंगाधरशेठ, तिथं बोललेला शब्द हवेत जात न्हाई. माझ्यासारखा कुणीतरी खाली बसलेला असतो. बोलले असतील तर छापलं असेल. छापलं असेल तर सापडेल. आणि मंत्र्यानं तिथं दिलेलं आश्वासन पाळलं का न्हाई, हे बघायला विधिमंडळाची एक समिती असते. तिला पान दाखवावं लागतं. हार दाखवून चालत न्हाई."

कामकाजाचे छापील खंड जालन्याच्या एका ग्रंथालयात मागच्या खोलीत होते. छपाई रखडत व्हायची, त्यामुळं आमच्या त्या अधिवेशनाचे खंड तेव्हा कुठं येऊन पडले होते. दर गुरुवारी आम्ही सकाळच्या एसटीनं जायचो. चाचा आधी नळावर हात धुवायचे, रुमालानं पुसायचे, मग खंडाला हात लावायचे. पट्टी ओळीखाली ठेवायची, ओळ वाचून झाली की पट्टी खाली सरकवायची. मी सवयीनं बोटाला थुंकी लावून पान उलटलं, तर माझा हात धरला. "थुंकी लावू न्हाई. सरकार आधीच चिकट असतं." वहीत प्रत्येक दिवसाची नोंद. तारीख, पानं, आणि पुढं दोनच शब्द. 'पाहिले, नाही.'

पहिली चूक माझीच. मी म्हणालो, आधी आमच्या आमदारांचं नाव शोधू, तेच बोलले ना. खंडाच्या मागं सदस्यांच्या नावांची सूची असते. त्या अख्ख्या अधिवेशनात आमच्या साहेबांच्या नावापुढं फक्त एक पान होतं. मी घाईनं ते उघडलं. साहेब म्हणाले होते, आमदार निवासात सकाळी गरम पाणी येत नाही.

मी ती ओळ दोनदा वाचली. "यानं बस एवढंच?"

"उठवला की आवाज," चाचा म्हणाले.

"यावर लोक हसले तरी का?"

चाचांनी पट्टी सरकवली. "हसले. कंसात आहे."

मी उठलो. त्याच एसटीनं परत जाऊन साहेबांची कॉलर धरायची, एवढंच डोक्यात होतं. चाचांनी पट्टीनं टेबलावर टक्‌ केलं. "बसा. त्याचं गरम पाणी त्याला मिळालं असेल. आपलं काम झालं न्हाई."

मग त्यांनी मला त्यांची रीत शिकवली. मागणाऱ्याला शोधू नका, देणाऱ्याला शोधा. मागणारे पुष्कळ असतात, कुणीही कुठूनही बोलतो, पण एसटीबद्दल उत्तर देणारा मंत्री एकच. त्याची उत्तरं ओळीनं वाचायची. प्रश्नोत्तरं, लक्षवेधी, खर्चाच्या मागण्यांवरची चर्चा, काही सोडायचं नाही. वाचता वाचता जुनी माणसं भेटल्यासारखी ते बोलायचे. "हे सदस्य पहिली पाच मिनिटं आभारच मानतात, ती सोडा." "हे रागावले की फार चांगलं बोलायचे, माझी पेन्सिल मोडायची." एकदा कप्प्यातला त्यांच्या नोकरीच्या काळातला एक जुना खंड काढून एका पानावर पुष्कळ वेळ बघत राहिले. मी विचारलं, "सापडलं?" म्हणाले, "न्हाई. ही पाळी माझी होती. इथं मला ताप होता."

पाच महिने आम्ही वाचलं. फाट्यावर लोक मला हसायला लागले होते, शेठ आता परीक्षेला बसणार म्हणून. त्यांच्या हसण्यानंच माझी जिद्द वाढली. आणि एका गुरुवारी, जेवायच्या आधी, चाचांची पट्टी थांबली ती पुढं सरकलीच नाही.

विदर्भातले एक विरोधी आमदार नागपूरहून येताना आमच्या फाट्यावर चहा प्यायला थांबले असावेत. डेपोंवर बोलता बोलता मध्येच म्हणाले होते, वाटूर फाट्यावर दुकानं पाडलेली पाहिली, त्या लोकांचं काय? त्यांचा आमचा ना मतांचा संबंध ना जिल्ह्याचा. आणि मंत्र्यांनी उत्तर दिलं होतं. चाचांनी ते हळू आवाजात वाचलं. 'ज्या दुकानदारांकडे ग्रामपंचायतीचा लेखी परवाना असेल, अशा सर्वांना नव्या बसस्थानकाच्या आवारात जागा देण्यात येईल.'

मी टाळी वाजवणार होतो. हात अर्ध्यात राहिला.

कारण माझ्याकडं लेखी परवाना नव्हता. एकतीसपैकी अठ्ठावीस जणांकडं होता. मी, एक न्हावी आणि भजी तळणारी एक विधवा बाई, आम्हा तिघांकडं नव्हता. त्या दोघांना कागदाचं कळत नव्हतं. मला कळत होतं. पण त्या वेळच्या सरपंचाशी मी रसवंतीवर उभ्या उभ्या तोंडी ठरवलं होतं आणि कागदापायी खेटे घालणाऱ्या इतरांना हसलो होतो. माझा सगळा धंदा तोंडी चालायचा. तीच माझी हुशारी होती.

मी म्हणालो, "चाचा, 'अशा सर्वांना' म्हणतात तिथून खाली उतरवून घ्या."

"वाक्य तिथून सुरू होत न्हाई."

"कोण बघायला येऊन राह्यलंय?"

"मी बघून राह्यलोय."

मी समजावलं. मी गोड बोललो. त्या विधवेचं नाव पुढं केलं. मी आयुष्यभर सौदे केलेला माणूस, थोडं तुमचं थोडं माझं करून गोष्ट मिटवायची मला सवय. चाचा दर वेळी एकच म्हणत होते, "पूर्ण वाक्य, शेठ. त्याच्या आधीचं वाक्य आणि नंतरचं वाक्य. एवढं उतरवायचं."

मग माझा तोल गेला. मी पानावर हात टाकला, ओढलं, कोपरा फाटून माझ्या हातात आला. चाचांनी पुस्तकावर दोन्ही तळवे ठेवले. मी भर खोलीत ओरडलो. म्हणालो, "तुम्ही नोकर होता आणि नोकरच राह्यलात. तीस वर्षं दुसऱ्याचं बोलणं उचललं. तुमच्याजवळ स्वतःचं असं एक वाक्य तरी आहे का?"

त्यांनी एक हात पुस्तकावरून काढून मांडीवर घेतला होता. बोट चालत होतं.

त्यांनी पूर्ण उतारा घेतला, त्यावर ग्रंथालयाचा शिक्का घेतला, अर्ज लिहिला. आश्वासनं तपासणाऱ्या समितीकडं तो अठ्ठावीस सह्यांनिशी गेला. न्हाव्यानं आणि त्या बाईनं अंगठे उमटवले नाहीत, कारण आपल्याला वगळणाऱ्या कागदाला हात लावायचा नाही म्हणून मी त्यांना उमटवू दिले नाहीत. दीड-दोन वर्षांनी उत्तर आलं आणि अठ्ठावीस गाळे मिळाले. फीत कापायला आमचे आमदारच आले. म्हणाले, "मी आवाज उठवला होता!" गर्दीत सगळ्यात मागं चाचा उभे होते, हात खाली सोडलेला. त्यांचं बोट पायजम्यावर चालत असलेलं मी लांबून पाहिलं. आणि मान फिरवली.

पुढं मी रस्त्याच्या पलीकडं स्वतःची जागा घेतली, सातबाऱ्यावर नाव लावून. आता दुकान मोठं आहे. लोक म्हणतात, शेठ, त्या गाळ्यात तुमचा माल तरी मावला असता का? प्रश्न मावण्याचा नाही. तिथं माझं शेड होतं, ते सरकारनं मोडलं आणि त्या जागेचं उत्तर मला अजून दिलेलं नाही. ती बाई अजून झाडाखाली तळते. तिचं झाड माझ्या काउंटरवरून दिसतं.

चाचांशी मी सहा वर्षं बोललो नाही. ते मात्र दर गुरुवारी आष्टीहून येऊन समोरच्या स्थानकात जालन्याची गाडी पकडायचे. हातात पिशवी, पिशवीतून पट्टीचं टोक बाहेर. मला वाटायचं, म्हाताऱ्याला दुसरं कुणी गिऱ्हाईक मिळालेलं दिसतंय.

एक दिवस चाचीच दुकानात आल्या. बसा म्हणालो तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, "डॉक्टर बोल्या, आंखां पे जोर नको. सुनते नै. तुम्हारे वास्ते जाते हर जुमेरात कू. जाके बोलो उनकू, बस करो बोलके."

"माझ्या वास्ते?"

"और किसके वास्ते? मेरे वास्ते तो भाजी लाने कू बी नै जाते."

त्या गुरुवारी मी नंतरच्या गाडीनं जालन्याला गेलो. मागच्या खोलीत चाचा तसेच बसलेले. पट्टी ओळीखाली, भिंग पट्टीवर. किती बारीक झाले होते. त्यांनी वर पाहिलं आणि जणू मी नुसता पाणी प्यायला बाहेर गेलो होतो अशा आवाजात म्हणाले, "हात धुतले का?"

मी हात धुऊन आलो. त्यांनी वही माझ्याकडं सरकवली. वर मथळा होता. 'वाटूर फाटा, परवाना नसलेले तीन दुकानदार.' खाली पानंच्या पानं तारखा. आमच्या त्या उत्तरानंतरचं प्रत्येक अधिवेशन. 'पाहिले, नाही. पाहिले, नाही. पाहिले, नाही.'

"मंत्री बदलतात," चाचा म्हणाले. "नवा मंत्री कधी कधी जुनी अट सैल करतो. दुसऱ्याच एखाद्या गावाबद्दल बोलताना करतो. परवाना नसला तरी रहिवासी दाखला चालेल, असं काहीतरी. केली असेल तर छापली असेल."

"आणि केली नसेल तर?"

"तर ते बी कळेल. अकरा खंड राह्यलेत."

आता बोलायची पाळी माझी होती. माझ्यासारख्याला कसं येणार? मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही, मागणाऱ्याची किंमत पडते हे धंद्यात शिकलो. मी खंडाच्या कडेवरून हात फिरवत म्हणालो, "चाचा, त्या दिवशी मी जे बोललो, ते... तुमच्याकडं म्हणतात ना, कामकाजातून काढून टाका. तसं टाका."

"तो अधिकार अध्यक्षांचा. मी फक्त लिहितो."

"म्हणजे लिहिलंय?"

"पूर्ण वाक्य," चाचा म्हणाले. "आधीचं आणि नंतरचं."

मी खाली मान घातली. मग त्यांनी भिंग बाजूला ठेवलं, खुर्ची माझ्याकडं वळवली, उजवा हात मांडीवर घेतला आणि बोट उचलून धरलं.

"मात्र सदस्याला खुलासा करायचा असला तर करता येतो," ते म्हणाले. "बोला."

मी बोललो. काय बोललो ते इथं लिहीत नाही. ज्यांनी लिहायचं त्यांनी लिहिलं. दोनदा अडखळलो, तेव्हा बोट हवेत थांबलं. संपलं तेव्हा त्यांनी शेवटी एक टिंब दिलं आणि विचारलं, "पुढचा खंड काढता का? वरचा कप्पा आहे, माझा हात पोचत न्हाई."

मी खंड काढला. त्या दिवशी आम्ही समोरासमोर बसून वाचलं. माझ्याकडं पट्टी नव्हती, मी पोस्टकार्डाची कड लावली. तीन महिन्यांनी चाचा गेले. अकरातले चार आमचे दोघांचे झाले होते, त्यानंतरचे पाच मी एकट्यानं वाचले आणि वहीत त्यांच्याखाली माझ्या अक्षरात नोंदवले. पाहिले, नाही. दोन राहिलेत. दोन्ही मी वाचणार आहे, सोडणार नाही. दुकान गुरुवारी बंद असतं, ते त्यासाठीच.

पण चाचा म्हटलं की मला त्या खुलाशाच्या दिवसाचीच संध्याकाळ दिसते. परतीच्या गाडीसाठी मी उठलो, ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मी पान संपवून येतो." दारातून मी मागं वळून पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. चाचा पानावर वाकलेले, डाव्या हातानं पट्टी सरकवत होते. आणि उजव्या हाताचं बोट मांडीवर चालत होतं, सावकाश, मधूनच हवेत थांबत. मी अडखळलो होतो तिथं थांबलं होतं, अगदी तसं.